एकाच शिरेचं पाणी

कुंभवलीच्या आंबेपाड्यावर भिका वरठाला विचारल्याशिवाय कुणी जमिनीत खुंटीसुद्धा ठोकत नाही, असं भिका स्वतःच सांगायचा. त्याची बायको चिमी म्हणायची, ठोकतात की, फक्त याला कळवत नाहीत. पण ही थट्टा करायचा हक्क पाड्यावर एकट्या चिमीला होता. बाकीच्या बायका भिकाच्या बाबतीत जीभ आवरून बोलायच्या, कारण नऊ वर्षांपूर्वी त्यानं त्यांच्या डोक्यावरचे हंडे उतरवले होते.

त्याआधी पाड्यावर तीन बोअर कोरडी गेली होती. बाहेरून गाड्या आल्या, कुणी तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, कुणी यंत्र फिरवलं, आणि तिन्ही वेळा भोकातून नुसती धूळ उडाली. भिका तेव्हा बोईसरच्या मेहुलशेठच्या बोअरगाडीवर नुकता ड्रिलर झाला होता. शेठच्या मागे लागून त्यानं एका रविवारी गाडी पाड्यावर आणली, कंपन्यांच्या भिंतीकडची, कुणाच्या लक्षातही न आलेली जागा धरली आणि एकशे चाळीस फुटांवर पाणी काढलं. पाणी असं उसळलं की गाडीवरचे हेल्पर नखशिखांत भिजले. त्यावर हापसा बसला. तेव्हापासून त्याला सगळे 'भिकाचं बोअर' म्हणतात, आणि तेव्हापासून भिका जरा तोऱ्यात चालतो. चालेना का. माणसानं खडकातून पाणी काढावं आणि वर नम्रपणेही वागावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

त्याची विद्या कुठल्या पुस्तकातली नव्हती. बोअर मारताना दर दहा फुटांनी वर येणाऱ्या भुकटीची एकेक मूठ जमिनीवर ओळीनं मांडून ठेवायची, ही सगळ्याच गाडीवाल्यांची रीत. मालकाला दाखवायला बरं पडतं. भिका मात्र ती भुकटी बोटांत चोळायचा, हुंगायचा, कधी जिभेच्या टोकाला लावायचा. काळा पत्थर सरून तांबडा थर लागला आणि हॅमरचा आवाज जड झाला की तो सांगायचा, आता वीस फूट. आणि वीस फुटांत पाणी यायचं. निदान दहातल्या आठ वेळा तरी यायचं. उरलेल्या दोन वेळांबद्दल तो बोलत नसे.

अशा माणसाच्या बोअरला गेल्या दिवाळीनंतर वास यायला लागला.

आधी वाटलं, हापशाचा पाइप गंजला असेल. पाइप बदलून झाला. मग एके दिवशी चिमीनं शिजलेल्या भातावरचं झाकण काढलं तर भात गुलाबी. तिला वाटलं, पातेल्याला काहीतरी लागलंय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंगलाचाही भात गुलाबी निघाला. होळीपर्यंत पोरांच्या अंगाला खाज सुटली, आणि बायका पुन्हा हंडे घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या टँकरकडे चालायला लागल्या. त्या भिकाच्या दारावरूनच जायच्या. कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं असं भिकाला वाटायचं, कारण मग उत्तर तरी देता आलं असतं.

टोमणा आला तो ग्रामपंचायतीच्या सभेत, आणि तोही कागदावर टाइप होऊन. पाड्याला लागून जी भिंत आहे तिच्या पलीकडे रंग बनवणारी एक कंपनी आहे. सरपंच शालूताईंनी प्रदूषण खात्याकडे तक्रार केली, तेव्हा त्या कंपनीचा मॅनेजर विपुल स्वतः सभेला आला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कुणा तज्ज्ञाचा अहवाल. त्यानं तो वाचून दाखवला. आमच्या आवारात एकही बोअर नाही. आमचं सगळं सांडपाणी पाइपानं शुद्धीकरण केंद्रात जातं. पाड्यावरच्या बोअरला केसिंग, म्हणजे वरच्या मातीच्या थरात बसवायचा पाइप, पुरेसा घातलेला नाही, त्यामुळे आसपासच्या संडासांचं पाणी आत झिरपतं. बोअर चुकीच्या पद्धतीनं मारलेलं असून ते सिमेंटनं बुजवावं. कंपनी माणुसकी म्हणून पाड्याला एक नळ देईल.

"संडासाच्या पाण्यानं भात गुलाबी होतो का?" शालूताईंनी विचारलं.

"ते आम्ही कसं सांगणार? ज्यानं बोअर मारलं त्याला विचारा," विपुल म्हणाला.

सगळ्यांनी भिकाकडे पाहिलं. भिकाला सांगायचं होतं की केसिंग बेचाळीस फूट घातलंय, पक्क्या पत्थरात चार फूट रुतवून, माझ्या या हातांनी. पण त्याचं मन अहवालातल्या पहिल्याच वाक्यापाशी अडकलं होतं. आवारात एकही बोअर नाही, असं तो माणूस सांगत होता, आणि त्या आवारातलं बोअर भिकानंच मारलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची होळी होऊन आठवडा झाला असेल. मेहुलशेठला कंपनीचं काम मिळालं आणि ड्रिलर म्हणून भिका गेला. जागा दाखवली ती भिंतीच्या अगदी आतल्या अंगाला. पाड्यावरच्या त्याच्या बोअरपासून पाऊणशे पावलं, मध्ये फक्त भिंत. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. पाणी लागलं की मालक धावत येतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फुटतो, काही नाही तर चहा तरी येतो; आजवर असंच होत आलं होतं. इथं कुणी फिरकलंच नाही. भिकाला ते फार लागलं. त्यानं वॉचमनला पाठवून पदरचा नारळ आणवला आणि पाण्याचा मान म्हणून स्वतःच फोडला. मग विपुल आला आणि म्हणाला, थांबू नको, तीनशेपर्यंत जा. आणि केसिंगही चाळीस फूट नको, पार एकशे तीसपर्यंत घाल. मोठी माणसं, मोठं काम, असं म्हणून भिकानं तेही केलं.

शेवटी त्यांनी दोन टँकर आणले आणि त्यातलं पाणी त्या बोअरमध्ये ओतलं. "देखो, कितना पीता है," विपुल म्हणाला. दोन्ही टँकर बोअरनं तासाभरात गिळले. विपुलनं खूश होऊन भिकाच्या पाठीवर थाप मारली. बोअर पाणी देतं किती हे बघायचं सोडून पितं किती हे बघतायत, कंपनीवाल्यांची काहीतरी नवी रीत असेल, अशी समजूत करून घेऊन भिका घरी आला.

घरी आला तर पाड्यावर गलका. दुपारी हापसा आपोआप पाणी ओकत होता, दांड्याला कुणाचा हात नसताना. घाबरलेल्या बायकांनी धरतरी माता खवळली म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, जमिनीवर डोकी टेकली होती. भिका पोट धरून हसला.

"माता नाय खवळली, मी फुंकलं," तो म्हणाला. "भितीपलीकडं कंप्रेसरची हवा सोडली, ती हिकडनं निघाली. दोन्ही बोअरची शीर एकच हाय, खाली पत्थरातली पाण्याची वाट. आपल्या पाड्याची शीर एवढी मोठी हाय का आता कंपनी पण तिचंच पाणी पिणार."

त्या संध्याकाळी ताडी पिताना त्यानं ही गोष्ट चार वेळा सांगितली, आणि दर वेळी ती शीर थोडी थोडी रुंद होत गेली.

आणि आता हे. सभेहून परतल्यावर भिका दोन दिवस गाडीवर गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चिमी टँकरवरून आली, हंडा उतरवला आणि त्याच्यासमोर बसली.

"मला सगळं ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्या लोकांनी बोअर पाणी घ्यायला नाय मारलं, टाकायला मारलं. एवढं समजायला मला गाडीवर जायला नको."

"मग बोलली का नाय?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

भिकानं डोकं धरलं. "मी बोललो तर शेठ मला ठेवणार नाय. कंपन्यांची कामं हायत त्याच्याकडं. केस झाली तर पहिलं नाव माझं. पाड्याच्या शिरेत हे विष सोडायला भोक कुणी पाडलं, भिकानं. हितल्या बोअरला लोक माझं नाव देतात. तिथल्या बोअरला मग कुणाचं देतील?"

"आणि नाय बोललास तर?"

नाही बोललं तर काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. गुरुवारी प्रदूषण खात्याच्या संखे मॅडम पाण्याचा नमुना घ्यायला येणार होत्या. विपुल अहवाल पुढे करणार, भिकाचं बोअर सिमेंटनं बुजणार, आणि भिंतीपलीकडचं बोअर टँकरमागून टँकर पीत राहणार. मग शेजारच्या विहिरींचा नंबर. आणि पाड्यावरची पोरं मोठी झाली की सांगणार, इथं एका अडाण्यानं संडासाच्या पाण्यात बोअर मारलं होतं. खरं सांगायचं तर भिका सगळ्यात जास्त खवळला तो या शेवटच्या गोष्टीनं. विहिरींसाठी उठायला हवं होतं, तो नावासाठी उठला. उठला हे महत्त्वाचं, कारणाची चौकशी करत बसायला पाड्याकडे वेळ नव्हता.

"नुसतं बोललं तर कोण ऐकणार?" तो म्हणाला. "त्या बोअरवर पत्र्याची खोली बांधलीय, कुलूप घातलंय. आधी बोभाटा झाला तर रातोरात बुजवतील आणि वर फरशी टाकतील. दाखवायला पायजे. सगळ्यांसमोर."

बोलता बोलता त्याचे हात मांडीवर रॉड जोडल्यासारखे फिरायला लागले. चिमीनं ते पाहिलं आणि ती निवांतपणे भाताला आधण ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी भिका मेहुलशेठकडे गेला. "शेठ, गुरुवारी गाडी पाड्यावर पायजे. नमुना घ्यायच्या आधी बोअर फ्लश करायचंय, खालचं शिळं पाणी हवेनं उडवून टाकायचं. पंचायतीनं पत्र दिलंय." यात एकही शब्द खोटा नव्हता. शालूताईंनी खरंच पत्र दिलं होतं, आणि धुतलेल्या बोअरचा नमुना जास्त खात्रीचा, असं संखे मॅडमनीही फोनवर सांगितलं होतं. मेहुलशेठ माणूस चांगला. फक्त गिऱ्हाईक दुखावणार नसेल तेवढ्यापुरताच चांगुलपणा त्याला परवडायचा. "फ्लशिंगच ना?" त्यानं दोनदा विचारलं. "फ्लशिंगच," भिकानं दोनदा सांगितलं.

गुरुवारी सकाळीच पाड्यावरच्या माणसांनी हापसा उतरवला आणि पाइप ओढून काढले. बोअरगाडी आली, तिच्यामागून कंप्रेसरची गाडी आली. दहाच्या सुमाराला संखे मॅडम पोचल्या, सोबत बाटल्यांची पेटी घेतलेला त्यांचा सहायक. विपुलही आला, आजही इस्त्रीत. मेहुलशेठ लांब सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता. अख्खा पाडा जमला होता.

भिकानं वीस-वीस फुटांचे सात पोकळ रॉड एकामागून एक खाली सोडले आणि हवा चालू केली. बोअरमधून पाणी उसळलं, आधी पिवळट, मग चक्क जांभळं, आणि वास असा की पुढे उभ्या असलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले. सहायकानं बाटल्या भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

"बघा मॅडम, केसिंग नीट नसलं की असं होतं," विपुल म्हणाला.

भिकानं कंप्रेसर बंद केला, हात पुसले आणि मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. "मॅडम, आता तुमी हितं थांबू नका. भितीपलीकडं ती पत्र्याची खोली दिसते ना, तिच्या दारासमोर जाऊन उभ्या ऱ्हा. दारापासून दहा हात लांब."

संखे मॅडमनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. पंधरा वर्षं त्या याच पट्ट्यात फिरत होत्या आणि कुलूप लावलेल्या खोल्या त्यांनी कमी पाहिल्या नव्हत्या. "ती कसली खोली आहे?" त्यांनी विपुलला विचारलं.

"इलेक्ट्रिकचं पॅनेल. किल्ली कॉन्ट्रॅक्टरकडे असते."

"हरकत नाही, बाहेरूनच बघू," असं म्हणून मॅडम शालूताईंना सोबत घेऊन कंपनीच्या गेटकडे निघाल्या. विपुलला मागोमाग जावंच लागलं.

आता भिकानं ते केलं जे बोअरगाडीवर कुणी करत नाही. गोणपाटं भिजवून रॉडभोवती गुंडाळली आणि बोअरच्या तोंडात ठासून बसवली. वर चिकणमाती थापली, त्यावर मातीनं भरलेल्या गोण्या रचल्या. वरची वाट बंद. खाली सोडलेल्या हवेला जायला आता एकच रस्ता उरला, आडवा, शिरेतून. मेहुलशेठच्या हे लक्षात आलं तसा तो फोन खिशात कोंबत धावत आला.

"भिका, हे फ्लशिंग नाही. कंप्रेसर माझा आहे. फुटला तर?"

"नाय फुटणार शेठ. शीर मोकळी हाय. मीच फोडलीय ती, दोन्हीकडनं."

दोन्हीकडून म्हटल्यावर मेहुलशेठला सगळा उलगडा झाला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे केलंस तर उद्यापासून गाडीवर येऊ नकोस."

चौदा वर्षं भिका त्या गाडीवर होता, आधी हेल्पर, मग ड्रिलर. लिव्हरची मूठ त्याच्या तळहाताच्या मापानं झिजली होती. त्यानं शेठकडे पाहून मान हलवली, म्हणजे ऐकलं असं सांगितलं, आणि लिव्हर ओढला.

पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. कंप्रेसर गुरगुरत राहिला, दाबाचा काटा चढत राहिला. गोण्यांच्या फटीतून फुसफुस यायला लागली तशी चार माणसं त्यांवर जाऊन बसली. काटा आणखी चढला. भिकाचा चेहरा उतरला. दोन वर्षं ते काय काय ओतत होते, त्याच्या गाळानं शीर बंद झाली असेल तर? मग शेठ गेला, गाडी गेली, आणि खोलीसमोर उभं राहून विपुल हसणार.

"शीर बुजली वाटतं," तो शेजारी उभ्या असलेल्या चिमीच्या कानात ओरडला.

"बुजली असती तर भात गुलाबी कसा झाला असता?" चिमी तेवढ्याच जोरात ओरडली. "अजून फुंक."

त्यानं लिव्हर शेवटपर्यंत नेला. काटा लाल रेघेला टेकला, तिथं थरथरला, आणि एकदम खाली पडला. हवेला वाट मिळाली होती. पायांखालून भिंतीच्या दिशेनं एक घरघर गेली. ती कानांनी ऐकली की तळपायांना कळली, हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. भिंतीपलीकडच्या खोलीचे पत्रे थडथडायला लागले. मग एक पत्रा एका अंगानं उचलला गेला आणि त्याखालून जांभळ्या पाण्याचा लोट वर उडाला, माडाच्या निम्म्या उंचीपर्यंत. स्वच्छ उन्हात, अख्ख्या पाड्यासमोर, इलेक्ट्रिकच्या पॅनेलच्या खोलीतून.

पाड्यावर एकच ओरडा उठला. भिका मात्र हवा हळूहळू कमी करत होता, कारण ती एकदम तोडली की पाइप उसळतो आणि माणसं जखमी होतात. मनात त्याला वाटत होतं की आजवर मारलेल्या सगळ्या बोअरांमध्ये आपलं हे काम सगळ्यात देखणं झालं. विषाचा लोट बघून असं वाटावं का, हे देव जाणे, पण वाटलं खरं.

रॉड तसेच सोडून तो गेटमधून आत गेला आणि त्याच्यामागून सगळा पाडा गेला. वॉचमन "अरे रुको, रुको" म्हणत राहिला, पण सत्तर-ऐंशी माणसांना एकटा किती रोखणार. कॉन्ट्रॅक्टरकडे असलेली किल्ली विपुलच्याच खिशात निघाली होती आणि खोली उघडली होती. आत जमिनीतून वर आलेलं बोअरचं तोंड होतं आणि त्यातून बाहेर फेकला गेलेला, मांडीएवढा जाड पाइप भिंतीपर्यंत लोळत होता. विपुलचे कपडे कमरेपासून खाली जांभळे झाले होते, पण जीभ जागेवर होती.

"जुनं बोअर आहे मॅडम, आधीच्या लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी मारलेलं," तो म्हणाला. "आमच्या कागदात नोंदच नाही. टाकीतून थोडी गळती झाली असेल. आम्हालाही आत्ताच कळतंय."

संखे मॅडम ओल्या फरशीवरून पाइपाकडे बघत होत्या. "गळती असेल तर एक गोष्ट," त्या म्हणाल्या. "मुद्दाम जमिनीत सोडलं असेल तर वेगळी, फार वेगळी. हे बोअर कधी मारलं आणि कशासाठी मारलं, हे कुणाला माहीत आहे?"

भिकानं दारात बघितलं. मेहुलशेठ तिथवर आला होता आणि डोळ्यांनी खुणावत होता, गप्प बस. गप्प बसायला जागाही होती. पाणी तर उडवून दाखवलं होतं, पाड्याचं बोअर निर्दोष ठरलंच होतं, केसिंगचा कलंक धुतला गेला होता. इथं थांबलं असतं तर भिका हिरो होऊन घरी गेला असता.

"मी मारलं," तो म्हणाला. "दोन वर्षांमागं, होळीनंतरच्या आठवड्यात. तीनशे फूट. पिण्याचं बोअर असतं तर एकशे चाळीसला पाणी लागलं तिथंच थांबवलं असतं, कुणी पण थांबवतो. ह्यांनी थांबवलं नाय. केसिंग एकशे तीस फूट हाय, मोजून बघा. जुन्या मालकानं नाय, ह्या साहेबांनी घालायला लावलं, टाकलेलं वर झिरपून दिसायला नको म्हणून. दोन टँकर ओतून किती पितं ते बघितलं. तवा हेच साहेब उभे होते."

"मग हाही त्यात सामील झाला ना मॅडम," विपुल म्हणाला. "याचंही नाव घ्या."

"घेणार आहे," मॅडम म्हणाल्या. त्या भिकाकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, "ही शीर पाड्याच्या बोअरची आहे, हे तुम्हाला त्या वेळी माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असं भिकाच्या डोक्यातही आलं नव्हतं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. मॅडमना काय कळणार होतं?

"होय," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं. मला वाटलं, कंपनी आपलं पाणी पिणार. मी ते मिरवलं, ह्या सगळ्यांसमोर मिरवलं. पाणी टाकायला कुणी बोअर मारील हे माझ्या मनात आलं नाय. यायला पायजे होतं. दोन टँकर माझ्या डोळ्यांसमोर गिळले त्यानं."

ज्या बायकांनी दोन महिने त्याच्या दारावरून हंडे नेले होते त्या खोलीबाहेरच उभ्या होत्या, आणि भिकाला त्यांच्याकडे बघवेना. मग गर्दीतून वाट काढत चिमी पुढे आली.

"माझं पण नाव लिवा," ती म्हणाली. "त्या दिवशी हापसा आपोआप ओकला, मी डोळ्यानं बघितलं. ह्यानं सांगितलं शीर एकच हाय, ते आमी पण ऐकलं. खोलीला कुलूप लागलं, ते पण रोज बघितलं. आमी पण कुणी विचारलं नाय."

"मी तर त्या हापशाला कुंकू वाहिलं होतं," मंगला म्हणाली. "माझं पण लिवा." मग तिच्या जावेनं नाव सांगितलं, मग शालूताईंनी, मग ताडी पिताना ती गोष्ट चार वेळा ऐकलेल्या पुरुषांनी. सहायकाला दुसरा कागद काढावा लागला, मग तिसरा. विपुल फोन कानाला लावून बाजूला जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे आता कुणाचं लक्षही नव्हतं.

सगळ्यांची नावं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे बोअर आज सील होईल. पण खरं ते सांगते, तुमच्या बोअरचं पाणी लगेच शुद्ध होणार नाही. जमिनीत गेलेलं बाहेर यायला किती वर्षं लागतील, मीही सांगू शकत नाही."

"दोन वर्षं ओतलंय त्यांनी," भिका म्हणाला. "उपसायला चार लागतील. पाच लागतील. उपसू."

मॅडमनी मान डोलावली आणि त्याचा जबाब लिहायला घेतला. नाव, भिका लहानू वरठा. वय, शेहेचाळीस. राहणार आंबेपाडा, कुंभवली.

"धंदा?"

सकाळपर्यंत भिकाला याचं उत्तर सोपं होतं. भिंतीपलीकडून बोअरगाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. मेहुलशेठच्या माणसांनी रॉड काढून भरले होते आणि गाडी त्याच्याशिवाय रस्त्याला लागत होती.

"पाणी काढतो," मागून चिमी म्हणाली. "लिवा मॅडम. आमच्या पाड्याचं पाणी काढतो."

मॅडमनी तसंच लिहिलं. भिकानं कागद हातात घेतला, ती ओळ बोटानं शोधून दोनदा वाचली, आणि खाली सही केली.